पाडणाऱ्याकडूनच पुन्हा बांधून घेतलेला पब

लंडनच्या किलबर्न भागात कार्लटन टॅव्हर्न नावाचा एक पब आहे. भारतातून कुणी आलं की मी त्यांना आवर्जून तिथे नेतो. मी स्वतः पीत नाही, त्यामुळे घरचे आधी चकित होतात. पुण्या-मुंबईत पब म्हटलं की कानठळ्या बसवणारं संगीत आणि हजारोंचं बिल डोळ्यांपुढे येतं. इथला जुना पब वेगळा असतो. माझ्या घराजवळच्या पबमध्ये एक आजोबा रोज दुपारी कुत्र्याला घेऊन येतात. अर्धा पाइंट बिअर, पेपरमधलं शब्दकोडं आणि कुत्र्यासाठी दाराशी ठेवलेलं पाण्याचं भांडं. दोन तास बसले तरी कुणी उठवत नाही. मधे आठवडाभर ते दिसले नाहीत, तर काउंटरवरच्या बाईंनी त्यांच्या घरी जाऊन चौकशी केली. अंत्यसंस्कारानंतर माणसं इथेच जमतात, बारशाच्या पार्ट्याही इथेच होतात. माझ्यासारखा माणूस लेमोनेड घेऊन बसला तरी कुणाला काही वाटत नाही.

आता कार्लटन टॅव्हर्नबद्दल. त्या जागेवरचा आधीचा पब १९१८ साली जर्मन बॉम्बहल्ल्यात गेला. मग चॅरिंग्टन या बिअर कंपनीने १९२०-२१ मध्ये नवा बांधला. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावातूनही तो वाचला. विशेष म्हणजे तो आतूनबाहेरून जवळजवळ मूळ रूपात राहिला होता. नव्या मालक कंपनीला मात्र तिथे फ्लॅट बांधायचे होते. वेस्टमिन्स्टर कौन्सिलने, म्हणजे तिथल्या पालिकेने, परवानगी नाकारली. ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ ही संस्था इमारतीला संरक्षित दर्जा देण्याच्या बेतात होती. तेवढ्यात, एप्रिल २०१५ मध्ये, पब चालवणाऱ्या बाईंना सांगितलं गेलं की मालाची मोजदाद करायची आहे, ईस्टर सोमवारी बंद ठेवा. दोनच दिवसांनी बुलडोझर आला. दर्शनी भिंतीचा थोडा भाग सोडला तर सगळं भुईसपाट.

एरवी अशा प्रकरणात काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. नोटीस निघते, दंड होतो आणि दंड भरून टॉवर उभा राहतो. बिल्डर तो दंड आधीच खर्चात धरतो. इथे कौन्सिलने आदेश काढला की पब होता तसाच, विटेला वीट लावून, पुन्हा बांधा. कंपनी अपिलात गेली, २०१६ मध्ये सुनावणी झाली आणि आदेश कायम राहिला. पब परत मिळावा म्हणून चाललेल्या मोहिमेला पाच हजारांवर लोकांचा पाठिंबा होता.

पण नुसत्या पाठिंब्याने हे झालं नसतं. वस्तीतल्या लोकांना आधीच संशय आला होता, म्हणून त्यांनी इमारत पाडली जाण्यापूर्वीच संरक्षित दर्जासाठी प्रयत्न सुरू केले होते. त्या निमित्ताने टाइल्सचे साचे घेतले गेले, कानाकोपऱ्याची नोंद झाली. त्यामुळे ‘जसा होता तसा’ म्हणजे नेमका कसा, यावर वाद घालायला जागाच उरली नाही. ढिगाऱ्यातल्या विटाही वेचून वापरल्या. एप्रिल २०२१ मध्ये, कोविडचे निर्बंध सैल होताच, पब उघडला.

काही जण म्हणतात, ही शेवटी नक्कलच. मला ते पटत नाही. नक्कल मानली तरी, त्या जागेवर फ्लॅट नाहीत, शेजारीपाजारी बसायची जागा आहे, आणि ती ज्याने पाडली त्याच्याच पैशांतून उभी राहिली आहे. हे मला कुठल्याही दंडापेक्षा मोठं वाटतं. २०१७ पासून इंग्लंडमध्ये पब पाडायला किंवा त्याचं दुसरं काही करायला नियोजन परवानगी घ्यावीच लागते, हेही वर्षानुवर्षं लोकांनी लावून धरल्यामुळेच.

आपल्याकडेही नियम आहेत. मुंबईची वारसा नियमावली १९९५ पासून आहे. पण पाडलेला वाडा मालकाकडून पुन्हा बांधून घेतल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तुमच्या गल्लीत असा वाडा, इराण्याचं हॉटेल, जुनं वाचनालय असेल तर आत्ताच फोटो काढा, मापं घ्या, दाराची कडीसुद्धा टिपून ठेवा. बुलडोझर आल्यावर ते जमत नाही.

स्टॅफर्डशायरमधला ‘क्रुकेड हाउस’ हा खाणींमुळे जमीन खचून कलंडलेला प्रसिद्ध पब ऑगस्ट २०२३ मध्ये आगीत सापडला आणि दोनच दिवसांत पाडला गेला. तिथल्या कौन्सिलनेही फेब्रुवारी २०२४ मध्ये तो पुन्हा बांधण्याची नोटीस काढली. तो पूर्वीसारखाच कलता बांधून घ्यावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.