‘शालोम’ म्हणजे फक्त ‘शांती’ नव्हे

‘शालोम’ या हिब्रू अभिवादनावरच्या तुमच्या लेखात ‘शालोम म्हणजे युद्ध नसणे, शांती’ असं एका ओळीत उरकलंय, ते खटकलं. मूळ धातू श-ल-म. त्यात पुरेपण आहे, काही उणं न राहणं आहे. मी ठाण्याची, आता बरीच वर्षं इस्रायलमधल्या अश्दोद शहरात. इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात दुकानात गल्ल्यावरच्या मुलीने ‘लेशालेम?’ विचारलं आणि मला वाटलं, ही शालोम म्हणतेय! मीही हसून ‘शालोम’ म्हटलं. मागची रांग खदखदून हसली. लेशालेम म्हणजे पैसे चुकते करणे. धातू तोच: देणं फिटलं, हिशेब पुरा झाला.

‘मा श्लोमेख?’ (पुरुषाला ‘मा श्लोमखा?’) म्हणजे शब्दशः ‘तुझा शालोम काय?’ ‘तुझी शांती कशी आहे’ असं मराठीत कोण विचारतं? आपण ‘बरी आहेस ना’ म्हणतो, जुनी पत्रं ‘क्षेमकुशल’ विचारायची. मला ‘क्षेम’ हाच सर्वांत जवळचा शब्द वाटतो. आणि बायबलमधल्या शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात, ११व्या अध्यायात, दावीद राजा लढाईवरून आलेल्या उरिया या सैनिकाला सेनापती यवाबाचा, लोकांचा आणि चक्क लढाईचा ‘शालोम’ विचारतो. युद्ध नसणे हाच अर्थ धरला तर लढाईचा शालोम कसा विचारणार?

बाकी ‘शालोम अलेखेम’ला (‘तुमच्यावर शालोम असो’) उलटून ‘अलेखेम शालोम’ म्हणायचं, हे छान सांगितलंत. गेलेल्या माणसाच्या नावापुढचं ‘अलाव हाशालोम’ (‘त्याच्यावर शालोम असो’) मात्र राहिलं. आमच्या घरी आजोबांचं नाव त्याशिवाय कुणी घेत नाही.