जेलचं कँटीन करमुक्त? पुड्याची मागची बाजू बघा

सध्या एक मेसेज फिरतोय: 'आपण साबणावरसुद्धा जीएसटी भरतो, आणि जेलमधले कैदी फुकट जेवून वर कँटीनमधून करमुक्त खरेदी करतात. त्यांच्याकडूनही कर वसूल करा!' मला तो तीन ग्रुपवर आला. दोन ठिकाणी खाली हात जोडलेले होते.

आधी 'करमुक्त'चं बघू. बिस्किटाच्या पुड्यावर एमआरपीशेजारी बारीक अक्षरांत 'सर्व करांसह' छापलेलं असतं. तो पुडा येरवड्याच्या बराकीत फोडा नाहीतर अलका चौकात, कर त्या किमतीतच बसलेला आहे. पाच रुपयांच्या पुड्यात १८ टक्क्यांनी ७६ पैसे कर जायचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं, साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल ५ टक्क्यांवर आलं, तेव्हा आता साधारण २४ पैसे. कैद्यांसाठी वेगळा दर नाही. अमेरिकेत विक्रीकर बिलावर वेगळा दिसतो, म्हणून तो कैद्यांना लावावा की नाही यावर तिथे निदान वाद तरी घालता येतो. आपल्याकडे तो किमतीत मुरलेला, म्हणून नजरेला पडत नाही. आणि मेसेज लिहिणाऱ्याची लष्करी कँटीनशी गल्लत झाली असेल, तर तिथेही जीएसटी माफ नाही, निम्मा परत मिळतो. तो जवानांसाठी आहे.

'फुकट जेवतात' हे अर्धं खरं. पण कँटीनचा पैसा सरकारचा नसतो. २०२२ च्या अखेरीस देशात ५,७३,२२० कैदी होते, त्यातले ४,३४,३०२ कच्चे. म्हणजे चारातल्या तिघांवर गुन्हा अजून शाबीत व्हायचाय. कच्च्या कैद्याला सक्तीचं काम नाही, त्यामुळे बहुतेकांना मजुरीही नाही; घरून मनीऑर्डर येते त्यावर त्याचा साबण आणि फरसाण. ती पाठवणारी बायको किंवा आई बाहेर स्वतःच्या खरेदीवर कर भरतेच आहे. पक्का कैदी काम करतो. महाराष्ट्रात २०२३ च्या वाढीनंतर अकुशल कैद्याची मजुरी दिवसाला ५३ रुपये झाली, कुशलाची ७४. या मजुरीतून जेवणाकपड्यांचा खर्च कापायची मुभा सुप्रीम कोर्टाने १९९८ सालीच राज्यांना दिली आहे. ५३ रुपयांतून टूथपेस्ट घेणाऱ्याकडून आणखी काय वसूल करायचं, ते मेसेजवाल्याने सांगावं.

कैद्यांवर वेगळा कर? राज्यघटनेच्या कलम २६५ प्रमाणे कायद्याशिवाय कर बसत नाही, आणि शिक्षा कोर्टाने दिली तेवढीच.

एक मान्य. जेलमध्ये पैसेवाल्यांची चैन चालते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती कँटीनच्या काउंटरवरून होत नाही, चिरीमिरीवर चालते. तिच्यावर जीएसटी लावायची सोय अजून निघालेली नाही.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र मला खटकते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ६२(५) नुसार जेलमध्ये असलेल्याला मत देता येत नाही, मग तो कच्चा का असेना. प्रतिबंधक स्थानबद्धतेत असलेल्यांना तेवढी सूट. गंमत म्हणजे कच्च्या कैद्याला आतून निवडणूक लढवता येते. खटला कधी उभा राहतो याची वाट बघत बसलेला माणूस साबणाच्या वडीवर कर भरतो, पण त्या कराचा दर ठरवणारं सरकार निवडायला त्याला गेटबाहेर सोडत नाहीत.