चित्रपुस्तक वाचताना पान कधी उलटायचं

लहान मुलासाठी पुस्तक घेताना आपण हमखास शेवटचं पान उघडून तात्पर्य शोधतो. ते सोडा. मधलंच एखादं पान उघडा आणि उजव्या पानावरचं शेवटचं वाक्य मोठ्यानं वाचा. पुढे काय झालं ते बघायला हात आपोआप कोपऱ्याकडे गेला, तर पुस्तक घ्या. नाही गेला, तर चित्रं कितीही गोड असोत, तिसऱ्या दिवशी ते कपाटात जाणार.

पान उलटण्यातली गंमत बघायची तर एरिक कार्लच्या ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’मधली ती खादाड अळी बघा. पुस्तक 1969 सालचं, पण अजून कोणी त्याच्या पुढे गेलेलं नाही. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन पेअर, असं करत शुक्रवारी पाच संत्री. फळागणिक पान रुंद होत जातं आणि प्रत्येक फळाला खरोखरीचं भोक. मुलाचं बोट त्यात जाणारच, जाऊ द्या. नवीन प्रतीत ही अरुंद पानं एकमेकांना चिकटलेली असतात. दोन एकदम उलटली की मंगळवार गायब होतो आणि मोजणी बिघडते, म्हणून आधीच एकदा सुटी करून ठेवा. ‘पण तिची भूक काही...’ एवढं म्हणून थांबा. दुसऱ्या वाचनाला उरलेलं वाक्य मूल म्हणतं. पेअर माहीत नसेल म्हणून तिथे पेरू घालू नका, चित्रात पेरू नाही हे त्याला दिसतंय. अळी मात्र मेथीची जुडी निवडताना दाखवता येते.

मुळात मराठीतच लिहिलेलं हवं असेल तर माधुरी पुरंदरे. त्या स्वतः लिहितात, स्वतःच चित्रं काढतात आणि वाक्यं घरात बोलतो तशी असतात, वाचताना जीभ अडखळत नाही. ‘चित्रवाचन’ हे त्यांचं चित्रांवरून बोलायचं पुस्तक. इथे मोठी माणसं मार खातात. पान उघडताच ‘हे काय? याचा रंग कोणता?’ अशी तोंडी परीक्षा सुरू होते. दहापर्यंत मनात मोजा आणि गप्प बसा. मुलाचं बोट जिथे टेकेल तिथून बोलायचं. चित्रात नदी दिसली की नाशिकचं पोर ‘गंगा!’ म्हणणार. नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात. हो म्हणायचं, गोदावरी नंतर शिकता येते.

अनुवादित पुस्तकांत दुखणं भाषेचं. ‘मी तुझी मदत करू शकतो का?’ असं कुठला हत्ती बोलतो? पेन्सिलीनं खोडून ‘मदत करू?’ लिहा. पण हे पहिल्या वाचनाआधीच. एकदा ऐकलेलं वाक्य मुलं पाठ करतात, मग शब्द बदलला की भांडण. सार्वजनिक वाचनालय 1840 पासून आपल्या नाशकात आहे, तिथून किंवा दुसऱ्या ग्रंथालयातून पुस्तक आणलं असेल तर पेन्सिल नको, चिठ्ठी लावा आणि परत देताना काढा.

प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी चित्रपुस्तकं फुकट मिळतात, छापूनही घेता येतात. पहिली पातळी सर्वात सोपी, चौथी सर्वात मजकुराची. तीन वर्षांच्या मुलाला पानावर दोन-तीन ओळी पुष्कळ झाल्या. कॉलेज रोडवर झेरॉक्सवाल्याकडे छापून घेताना साधा, पातळ 70 जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) कागद नको, पाठीमागचं चित्र पुढे दिसतं. 100 ते 130 घ्या, बिनचमकीचा. बुकलेट करताना पानं 4 च्या पटीत लागतात, नाहीतर मध्येच कोरं पान येतं आणि मूल विचारतं, ‘इथलं चित्र कुठे गेलं?’ लॅमिनेशनचा मोह टाळा, ट्यूबलाइटखाली सगळं पान पांढरं दिसतं.

दोन वर्षांच्या आतल्याला जाड पुठ्ठ्याचंच द्या. ते चावणार, हे धरूनच चाला.

एकच मूल असेल तर मांडीवर. सोसायटीत दहा-बाराजण जमवले असतील तर पुस्तक खांद्याशेजारी, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. खालून शिवणीपाशी एका हातानं, अंगठा चित्रावर न येता. दुसरा हात वरच्या कोपऱ्यावर तयार. खिडकी पाठीमागे नको, उजेड डोळ्यांत जाऊन पान काळं दिसतं. मजकूर तिरका दिसतो, म्हणून आधी दोनदा वाचून निम्मा तरी तोंडात बसवलेला हवा. पंधराच्या वर मुलं असतील तर दोन गट करा, मागच्यांना चित्र दिसलं नाही की ते पुढच्यांना ढकलतात.

‘परत’ म्हणाले की परत वाचायचं, एकही ओळ न गाळता. गाळलेली ओळ पकडणारे डोळे समोरच बसलेले असतात. पाचव्या-सहाव्या वाचनाला मधल्या पिना सैल होतात. पान निसटलं तर सेलोटेप नको, वर्षभरात पिवळी पडते आणि सुटताना चित्र घेऊन जाते. पिन काढा, त्याच भोकांतून पांढरा दोरा दोनदा ओवा आणि गाठ आतल्या बाजूला मारा.