‘यॉम्प’: आद्याक्षरांच्या कथेला आधार नाही

इंग्रजीतील ‘यॉम्प’ या अनौपचारिक क्रियापदाविषयी एक मजकूर समाजमाध्यमांवर वारंवार फिरतो. त्यात म्हटले आहे की, ‘युवर ओन मार्चिंग पेस’, म्हणजे ‘ज्याच्या त्याच्या चालीने’, या शब्दांच्या आद्याक्षरांतून हा शब्द ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातील 1982च्या फॉकलंड युद्धात घडवला गेला आणि त्याचा अर्थ ‘झपझप चालणे’ एवढाच आहे. यातील एकही विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही.

आद्याक्षरांची कथा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत कच्ची आहे. तिचीच दुसरी आवृत्ती ‘यंग ऑफिसर्स मार्चिंग पेस’ असा विस्तार सांगते, त्यामुळे शब्द आधीचा आणि विस्तार मागाहून चिकटवलेला, असा संशय बळावतो. खरोखर आद्याक्षरांतून आलेल्या शब्दाची कागदोपत्री नोंद सापडते; ‘रडार’ हे नाव अमेरिकी नौदलाने 1940 मध्ये योजले, ते विस्तारासकट. ‘यॉम्प’पुढे मात्र ऑक्सफर्डचे कोशकार ‘उगम अज्ञात’ असेच लिहितात. मोटार रॅलीत गाडी उंचवट्यावरून उडते, त्याला ‘यम्प’ म्हणतात. स्कँडिनेव्हियन लोकांच्या ‘जंप’च्या उच्चारातून आलेल्या या शब्दाशी ‘यॉम्प’चे नाते जोडले जाते. रॉयल मरीन्स, म्हणजे ब्रिटिश नौदलाचे सैनिक, हिवाळी सरावासाठी नॉर्वेला जात असल्याने ते अशक्य नाही, पण तोही तर्कच.

युद्धात शब्द प्रसिद्ध झाला, हे खरे. मात्र तो रॉयल मरीन्सच्या बोलीतला असून वार्ताहरांनी तो घरोघरी पोहोचवला. प्रसिद्धी म्हणजे जन्म नव्हे. ब्रिटिश लष्कराच्या पॅराशूट रेजिमेंटचे सैनिक पाठीवर ओझे घेऊन केलेल्या अशाच लांब चालीला ‘टॅब’ म्हणतात.

अर्थाबाबतची चूक मला सर्वांत खटकते, कारण तिच्यामुळे त्या सैनिकांचे कष्टच पुसले जातात. 25 मे 1982 रोजी ‘अटलांटिक कन्व्हेयर’ या ब्रिटिश मालवाहू जहाजावर अर्जेंटिनाची एक्झोसेट क्षेपणास्त्रे आदळली आणि त्यावरची तीन चिनूक मालवाहू हेलिकॉप्टरे नष्ट झाली. वाहतुकीचा आधारच गेल्याने ब्रिटिश फौज उतरली त्या सॅन कार्लोसहून फॉकलंडची राजधानी स्टॅन्लीच्या दिशेने सैनिक पायीच निघाले. पाठीवर सुमारे 36 किलोंचे ओझे, दक्षिण गोलार्धातला हिवाळा, पायाखाली पाणी धरून ठेवणारी दलदल आणि मध्येच सैल दगडांचे पट्टे, अशी ती सुमारे 90 किलोमीटरांची तंगडतोड होती. इंग्लंडच्या पोर्ट्समथ शहरातील ईस्टनी येथे 1992 मध्ये उभारलेला ‘द यॉम्पर’ हा पुतळा अशाच एका सैनिकाच्या छायाचित्रावरून घडवलेला आहे.

आज हौशी पदभ्रमण करणारेही हा शब्द वापरतात, आणि लांब पल्ला व खडतर वाट असेल तर तो वापर रास्तच आहे. सकाळच्या फेरफटक्याला मात्र तो लावता येत नाही.