लक्ष्याला लेखक मिळाला तेव्हा

लहानपणी आवडलेले सिनेमे मोठेपणी पुन्हा बघू नयेत, आठवणींचा विचका होतो, असं म्हणणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. उलट बघावेत, सगळे बघावेत आणि कसलीही सवलत न देता बघावेत. यंदा दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी हेच चाललं होतं. मी, बायको, आई, सातवीतली मुलगी आणि सुट्टीला आलेला भाचा. रात्री जेवणं आटोपली की एक जुना मराठी सिनेमा लावायचा. धूमधडाका, गंमत जंमत, अशी ही बनवाबनवी, झपाटलेला आणि शेवटी एक होता विदूषक. या सगळ्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. ती सांगायची म्हणून ही लांबलचक पोस्ट. लक्ष्मीकांत बेर्डे, म्हणजे आपला लक्ष्या, आपण म्हणतो त्याहून फार मोठा नट होता, आणि ज्या मोजक्या ठिकाणी त्याला तोलामोलाचा लेखक मिळाला तिथले सिनेमे आजही खणखणीत उभे आहेत.

आमच्या पिढीला हे सिनेमे कधी सलग मिळालेच नाहीत. गणपतीत गल्लीच्या तोंडाशी पांढरा पडदा बांधायचे. समोर जागा नसली की आम्ही पोरं पडद्याच्या मागे जाऊन बसायचो. तिथून पाट्यांवरची अक्षरं उलटी दिसायची, पण माणसं तीच आणि आवाज तोच. रीळ बदलताना नुसता कल्ला. मग भाड्याचा व्हीसीआर आला, मग केबल. कधी शेवट बुडायचा, कधी सुरुवात. त्यामुळे डोक्यात राहिले ते विनोद, सिनेमा नाही. आज मोबाईलवर फिरतात तेही तेच तुकडे. म्हणून सुरुवातीच्या पाटीपासून शेवटापर्यंत, मध्ये न उठता बघणं हा वेगळाच अनुभव असतो.

धूमधडाका १९८५ चा. महेश कोठारेंचा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा आणि लक्ष्याला घराघरात नेणारा. मूळ तमिळमधला, मग हिंदीत ‘प्यार किये जा’, मग आपल्याकडे. त्यात सिनेमाचं वेड लागलेला मुलगा बापाला भुताच्या सिनेमाची गोष्ट ऐकवतो, तो प्रसंग आठवत असेल. हिंदीत मेहमूदनं ऐकवली होती आणि त्याला त्या भूमिकेसाठी फिल्मफेअर मिळालं होतं. म्हणजे लक्ष्यासमोर काय आव्हान होतं बघा. पडद्यावर भूत नाही, वाडा नाही, काही नाही. आहेत फक्त एका पोराचा चेहरा, त्याचे हात आणि तोंडानं काढलेले आवाज. लहानपणी आम्ही फक्त त्याच्याकडे बघून हसायचो. या वेळी माझी नजर शरद तळवलकरांवरून हलेना. साठी ओलांडलेला हा माणूस समोर बसून नुसता ऐकतो, आणि त्याच्या ऐकण्यातून आपल्याला भीती दिसते. सांगणाऱ्याला इतका तयारीचा ऐकणारा मिळाला म्हणून तो प्रसंग रंगतो. बाकीचा सिनेमा मध्येमध्ये चांगलाच ढेपाळतो, गाणी लांबतात, पण त्या काही मिनिटांसाठी तो पुन्हा लावायची माझी तयारी आहे. भाच्यानं तर तेवढाच भाग दुसऱ्या दिवशी परत बघितला.

गंमत जंमत लक्ष्याचा नाही, सचिन आणि अशोक सराफ यांचा, १९८७ चा. किशोरकुमारचं ‘अश्विनी ये ना’ याच सिनेमातलं. आई अजूनही स्वयंपाक करताना ते गुणगुणते. गोष्ट अशी की पैशाला महाग झालेले दोन तरुण एका श्रीमंत घरातल्या मुलीला पळवून नेतात आणि पुढे त्यातल्या एकाचं तिच्याशी जुळतं. मुलगी बघता बघता म्हणाली, ‘बाबा, ती घाबरत कशी नाही?’ मी म्हटलं, विनोदी सिनेमा आहे. त्यावर ती आजीकडे वळली. ‘आजी, तेव्हा मुली घाबरायच्या नाहीत का गं?’ आई म्हणाली, ‘घाबरायच्या की. संध्याकाळी सातनंतर आम्ही एकट्या बाहेर पडत नव्हतो.’

अशोक सराफ त्यात अप्रतिम आहेत. महाराष्ट्र भूषण आणि पद्मश्री त्यांना उशिरा मिळाले असं मला वाटतं, आणि हा सिनेमा बघून ते आणखी वाटलं. पण गोष्टीचा पायाच असा आहे की त्या मुलीची बाजू कुणाला सुचलेलीच नाही. माझ्या मुलीला ते पाच मिनिटांत कळलं. ‘तो काळच तसा होता’ हे उत्तर तिला द्यायला मी तयार नाही, कारण त्या काळात राहिलेली तिची आजी शेजारी बसून वेगळंच सांगत होती.

आता बनवाबनवी. १९८८. हा सिनेमा टिकलाय का, असं विचारलं तरी लोक अंगावर येतात. पण तो का टिकला याचं उत्तर बहुतेक जण ‘काय धमाल आहे’ इथेच थांबवतात. मला या वेळी दिसली ती त्यातली खोली. पुण्यातली भाड्याची खोली. सुधीर जोशींनी केलेले घरमालक विश्वासराव सरपोतदार आठवा. एका माणसाला जागा दिली आहे, तर एकच माणूस राहिला पाहिजे. पाव्हणा नको, आवाज नको, रात्री दार वाजायला नको. आणि त्यांचा भाडेकरू धनंजय माने याच्याकडे एकामागून एक माणसं येऊन थडकतात, कारण त्यांना दुसरीकडे कुठेच जागा नाही. ‘धनंजय माने इथेच राहतात का’ हे वाक्य आपण तीस-पस्तीस वर्षं हसत हसत म्हणतोय. ते वाक्य बोलणाऱ्याला त्या रात्री डोक्यावर छप्पर नाही.

मी स्वतः पुण्यात कॉट बेसिसवर राहिलोय. पेठेतल्या वाड्यात एका खोलीत चार कॉट, पलंगाखाली ट्रंका, दहाला दिंडी दरवाजा बंद, गावाकडून भाऊ आला तर त्याला चोरून झोपवायचं आणि पहाटे मालक उठायच्या आत बाहेर काढायचं. सरपोतदार मला तोंडपाठ आहेत. आणि त्या काळच्या घरमालकांची धास्तीही खोटी नव्हती. १९४७ च्या भाडे कायद्यामुळे एकदा बसलेला भाडेकरू उठवणं महाकठीण, त्यामुळे जागा रिकामी ठेवलेली बरी पण भाडेकरू नको, अशी स्थिती होती. त्यात चार सडे तरुण म्हणजे तर संपलंच. जागा हवी तर कुटुंब दाखवा. त्या अटीतूनच दोघांनी साडी नेसून बायका व्हायची कल्पना येते. म्हणजे सगळी धमाल ज्या खुंटीला टांगली आहे ती खुंटी खरी आहे. आजही पुण्यात बॅचलर म्हटलं की सोसायटीचे सेक्रेटरी तोंड वाकडं करतात. म्हणून आमचा विशीतला शेजारी मध्येच येऊन बसला तेव्हा त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही.

याचं बीज हृषिकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’मधलं, १९६६ चं. पण आपल्या सिनेमाची बोली, त्याची चाल, ती वसंत सबनीसांची. ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिणारे सबनीस. वगनाट्य लिहिलेल्या माणसाला बतावणी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. एकानं वाक्य टाकायचं, दुसऱ्यानं ते अर्धवट झेलून भलतीकडे न्यायचं, आणि प्रेक्षक हसत असताना तिसऱ्यानं हळूच पुढचं ठेवून द्यायचं. सरपोतदार आणि माने यांच्यातलं मधुमेहाच्या औषधाचं संभाषण पुन्हा ऐका. एकही वाक्य ‘विनोद आला, हसा’ असं सांगत येत नाही. एक माणूस पैशाचा हिशेब विचारतोय, दुसरा वेळ मारून नेतोय, एवढंच.

आणि या लिखाणात लक्ष्या कसा खुलतो! त्याचा परश्या साडी नेसून मानेची बायको पार्वती होतो. ती पार्वती करताना त्यानं बाई झालेला पुरुष करायचं टाळलंय असं मला वाटतं. त्यानं अडचणीत सापडलेला परश्या केलाय. साडी अंगावर आहे, पण डोळ्यांत सतत ‘माने, यातून मला सोडव’ हीच विनवणी. डोहाळजेवणाच्या गाण्यात तर हे फार सुंदर दिसतं. फुलांचे दागिने घालून बसलेली पार्वती आणि भोवती मनापासून आनंदलेल्या बायका. त्या बायकांचा आनंद खरा आहे. सिनेमा त्यांची टिंगल करत नाही, म्हणूनच ‘कुणीतरी येणार येणार गं’ हे फसवणुकीच्या प्रसंगातलं गाणं आज खऱ्या डोहाळजेवणांत वाजतं. माझ्या बायकोच्या वेळीही वाजलं होतं. मात्र तीच या वेळी म्हणाली, की एवढं खोटं बोलून झाल्यावर त्या मुलींनी यांना इतक्या लवकर माफ करायला नको होतं. तिचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. सिनेमा टिकला म्हणजे त्यातलं सगळंच टिकलं असं होत नाही.

झपाटलेला बघताना मुलं अजिबात घाबरली नाहीत. मला १९९३ साली त्यातल्या तात्या विंचू या खुनी बाहुल्यानं महिनाभर माडीवर एकटं जाऊ दिलं नव्हतं. भाचा म्हणाला, बाहुली छान बनवली आहे. रामदास पाध्यांचं काम, छान असणारच. कल्पना परदेशी सिनेमावरून घेतलेली, हेही आता सगळ्यांना ठाऊक आहे. दिलीप प्रभावळकरांचा आवाज आजही जबरदस्त. पण भीती गेली की मग दिसतो लक्ष्या. समोर निर्जीव बाहुला आहे, त्याच्याकडून कसलाच प्रतिसाद मिळणार नाही, आणि तरी या माणसाला त्याच्याशी बोलायचंय, भांडायचंय, त्याला भ्यायचंय. बाहुला जिवंत वाटतो याचं निम्मं श्रेय त्याला भिणाऱ्याचं आहे. आणि तो जीव तोडून सगळ्यांना सांगतो की हे मी नाही केलं, हा बाहुला करतोय, आणि एकही माणूस विश्वास ठेवत नाही. तिथे मुलं हसायची थांबली. मुलगी म्हणाली, ‘बिचाऱ्याचं कुणी ऐकतच नाही.’ सिनेमा तेवढ्यापुरता फार मोठा होतो, आणि लगेच पुन्हा मारामारीत शिरतो.

बाकीच्या डझनावारी सिनेमांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यात मन रमत नाही. आम्ही आणखी तीन-चार लावले आणि अर्ध्यावर बंद केले. जाड माणूस, टकला माणूस, तोतरा माणूस, काळी मुलगी, बस, झाला विनोद. लक्ष्या त्यातही धावतो, पडतो, डोळे फिरवतो, घाम गाळतो. कागदावर काहीच नाही हे त्याला कळत असणार, आणि ते भरून काढायला तो स्वतःला दुप्पट वापरतो. ते बघताना मला राग येतो. त्याचा नाही. एवढं तालेवार माणूस हाताशी असताना त्याला वर्षामागून वर्षं रिकाम्या कागदावर नाचवणाऱ्यांचा.

म्हणूनच शेवटी एक होता विदूषक. १९९२. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, पटकथा-संवाद पु. लं.चे, गाणी ना. धों. महानोरांची, संगीत आनंद मोडकांचं. लहानपणी लक्ष्याचा सिनेमा म्हणून आम्ही पोरं टीव्हीसमोर बसलो आणि अर्ध्या तासात खेळायला पळालो. तिकीटबारीवरही तो चालला नाही. माझ्या मते आमच्या यादीतला हा सगळ्यात भक्कम सिनेमा.

तमाशातल्या नाचीच्या पोटी जन्मलेला आबुराव सोंगाड्या होतो, पुढे सिनेमाचा स्टार होतो, आणि त्याच्या हसवण्याची किंमत राजकारणीही वसूल करू लागतात. आईच्या भूमिकेत मधु कांबीकर. पुढच्याच वर्षी झपाटलेलामध्येही त्याच त्याची आई झाल्या, आणि लागोपाठ दोन रात्री ही मायलेकरं बघताना दोन सिनेमांतलं अंतर लख्ख कळतं. इथे लक्ष्याची हत्यारं तीच आहेत. तोच भरभर बोलण्याचा वेग, तोच मध्येच फाटणारा आवाज, तेच मोठे होणारे डोळे. फरक असा की आता त्या प्रत्येक गोष्टीला कारण आहे. फडावर बतावणी करताना तो वेग प्रेक्षकांना खिशात घालण्यासाठी आहे, आणि घरात तोच वेग समोरच्याचा प्रश्न चुकवण्यासाठी. न हसणाऱ्या स्वतःच्या मुलीसमोर तो येतो तेव्हा त्याच्याकडची एकही युक्ती चालत नाही, आणि ते कळल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते दुसऱ्या कुठल्याही सिनेमात मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलेलं नाही. अख्खा महाराष्ट्र ज्याला बघून हसतो त्याच्याकडून ही भूमिका करून घ्यावी असं सुचणं हीच केवढी मोठी गोष्ट, आणि त्यानं ती पेलणं त्याहून मोठी.

तेव्हा त्याची चाळिशीही झाली नव्हती. १६ डिसेंबर २००४ ला तो गेला तेव्हा वय पन्नास. त्या बारा वर्षांत त्याच्यासाठी असं आणखी कुणी लिहिलं असतं तर? मला या प्रश्नानं खरंच अस्वस्थ केलंय. हिंदीनं त्याला घरगडी आणि नायकाचा मित्र यापलीकडे फार काही दिलं नाही, ते एक वेळ समजू शकतो. आपण तर त्याची ताकद १९९२ सालीच बघितली होती.

आणखी एक. हे सिनेमे आपण आज ज्या रूपात बघतो ते रूप वाईट आहे. रंग उडालेले, डोकी कापलेली, कोपऱ्यात चॅनेलचे शिक्के, आवाज पिंपातून आल्यासारखा. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आपल्या पुण्यात, लॉ कॉलेज रस्त्यावर, १९६४ पासून आहे. एक होता विदूषक स्वच्छ, पूर्ण, मोठ्या पडद्यावर बघायला मिळावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. कुठल्या फिल्म सोसायटीनं खेळ ठेवला तर मी मुलीला आणि भाच्याला घेऊन येणार, आणि तिकीट काढून येणार.

आमच्या यादीत थरथराट आणि दे दणादण अजून राहिलेत. भाच्याला हनुमानाची शक्ती मिळालेला लक्ष्या आधी बघायचाय, तेव्हा नाताळच्या सुट्टीत तोच. तुमच्यापैकी कुणी त्याची रंगभूमीवरची कामं, ‘टूरटूर’ किंवा ‘शांतेचं कार्टं चालू आहे’, प्रत्यक्ष बघितली असतील तर जरूर लिहा. माझी ती हुकली आहेत, आणि नाटकात त्याला कसं वापरलं होतं हे मला जाणून घ्यायचंय.