एक सक्तीचा विषय पुरे का नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. शाश्वतता, म्हणजे निसर्गाला न ओरबाडता टिकेल असं जगणं, विद्यापीठाच्या वर्गात आणि आवारातही दिसावी, या माझ्या म्हणण्यावरच्या इतक्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार. तुम्ही स्वतः महाविद्यालयात शिकवता, म्हणून तुमचे आक्षेप मी गांभीर्याने घेतले. तुमचं म्हणणं असं, की छतावरची सौर पॅनेलं आणि वृक्षारोपण हा देखावा आहे, विद्यापीठाने शिकवावं. आणि शाश्वतता शिकवायचीच असेल तर सगळ्यांना एक सक्तीचा विषय पुरे.

देखाव्याची चीड मलाही आहे. पाहुण्यांच्या हस्ते रोप लावायचं आणि पुन्हा तिकडे फिरकायचं नाही, याला कोण चांगलं म्हणेल? पण म्हणून आवार आणि वर्ग यांची फारकत करायची, हे मला पटत नाही.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या इमारती 2000 सालापासून कायुगा सरोवराच्या खोल, थंड पाण्यामुळे गार राहतात. ते पाणी इमारतींपर्यंत येतच नाही. आवारात फिरणाऱ्या बंद नळ्यांतल्या पाण्याची उष्णता ते किनाऱ्यावरच्या केंद्रात शोषून घेतं आणि सरोवरात परत जातं. गारव्यासाठी लागणारी 80 टक्क्यांहून जास्त वीज वाचते. पण खोल पाण्यातला फॉस्फरसही त्याच्याबरोबर उथळ भागात येतो. त्याने शेवाळ वाढेल का, यावर तिथे वर्षानुवर्षं वाद झाला. उष्मागतिकी, जीवशास्त्र, कायदा, खर्चाचा हिशेब, सगळं त्या एका वादात आलं. हे एका पेपरात कोंबणार कसं?

सक्तीच्या विषयाला माझा विरोध नाही. बार्सिलोना विद्यापीठात 2022 मध्ये विद्यार्थ्यांनी ठिय्या दिला, तेव्हा हवामान संकटावरचा विषय सगळ्यांना सक्तीचा करायचं ठरलं. चांगलंच झालं. मात्र शेजारच्या वर्गात नदी नासवण्याचा खर्च कारखान्याच्या ताळेबंदात का दिसत नाही, हे कुणी विचारतच नसेल, तर तो विषय गुणपत्रिकेपुरता उरतो.

वीजबिल हा अभ्यासाचा विषय नाही, असंही तुम्ही लिहिलंत. अमेरिकेतल्याच ओबर्लिन महाविद्यालयात 2005 मध्ये वसतिगृहांची स्पर्धा लावली आणि विजेचा वापर मुलांना त्या त्या वेळी दिसेल अशी सोय केली. वीजवापर 32 टक्क्यांनी घटला, पाण्याचा मात्र जेमतेम 3 टक्क्यांनी. हा फरक का पडला, हा मानसशास्त्राच्या वर्गासाठी अस्सल प्रश्न आहे.

तुम्ही कोणता विषय शिकवता, ते जरूर कळवा. त्यातून तुमच्याच आवारातला कोणता प्रश्न हाती घेता येईल, यावर मला तुमच्याशी बोलायला आवडेल.