‘पुलापाशी जेमतेम पाऊण तास, धबधबा नाहीच’ या आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबरच्या अखेरीस आपण सहकुटुंब आमच्याबरोबर मेघालयात आला होतात. त्या सहलीबद्दल आपण लिहिलेला अभिप्राय आणि दिलेला एक तारा मी पाहिला. तिरना गावाहून जंगलातल्या पायऱ्या उतरून नोंग्रियाटच्या दुमजली मुळांच्या पुलापाशी गेल्यावर तिथे जेमतेम पाऊण तास मिळाला, गाइडने ‘भर दुपारी पावणेएकला हाकलून’ परत फिरवले, पत्रकात छापलेला रेनबो फॉल्स दाखवलाच नाही आणि ही सरळसरळ फसवणूक आहे, असे आपले म्हणणे आहे. एवढ्या लांब येऊन आपला हिरमोड झाला, याबद्दल मी मनापासून क्षमा मागते. आपल्या मातोश्रींना परतीच्या चढणीवर झालेल्या त्रासाचेही मला वाईट वाटते. त्या दिवशी मी त्यांच्या मागेच चालत होते, त्यामुळे तो त्रास मी डोळ्यांनी पाहिला आहे.

दुपारचा डबा कमी पडला, ही आपली तक्रार रास्त आहे आणि त्यावर मला काही बोलायचे नाही. धबधब्यांना पाणी बेताचे होते हेही खरे आहे. तिथला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो आणि नोव्हेंबरात ओहोळ बारीक होतात. मात्र ‘भर दुपारी पावणेएक’ हे तीन शब्द मला गेले चार दिवस स्वस्थ बसू देत नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते.

आपल्याकडे पावणेएक म्हणजे भर दुपारच. सोहऱ्यात, म्हणजे चेरापुंजीत, तसे नसते. देशभर घड्याळ एकच असले तरी सूर्य घड्याळ पाहून चालत नाही. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशावर ठरलेली आहे आणि सोहरा जवळजवळ 92 अंशांच्या आसपास, पार पूर्वेला आहे. त्यामुळे नोव्हेंबरच्या अखेरीस तिथे सूर्य माथ्यावर येतो तो अकरा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास, आणि मावळतो साडेचारला. त्याच दिवशी मुंबई-पुण्यात सहाच्या आसपास सूर्यास्त होतो. आसामातल्या चहाच्या मळ्यांमध्ये याच कारणासाठी घड्याळ एक तास पुढे ठेवून ‘बागान टाइम’ पाळण्याची पद्धत आहे. आपण ज्याला भर दुपार म्हटले आहे, तेव्हा सूर्य कलून दीड तास होऊन गेला होता. त्यातही नोंग्रियाट खोल दरीच्या तळाशी आहे. डोंगराची कड मध्ये येते आणि सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी दरीत सावली भरते. वर सुपारी, फणस आणि रानझाडांचे दाट छप्पर असल्याने त्या सावलीचा काळोख व्हायला वेळ लागत नाही.

याच कारणासाठी आम्ही सकाळी सहाला निघायचे ठरवले होते. आदल्या रात्री जेवताना मी ते दोनदा सांगितले आणि गटाला संदेशही पाठवला. सातला पायऱ्या उतरायला लागलो असतो तर साडेनऊपर्यंत पूल, तिथून तास-दीड तास पुढे रेनबो फॉल्स, तेवढाच वेळ परत यायला, आणि तीन-साडेतीन तासांची चढण धरूनही उजेडात वर पोहोचलो असतो. पुढचे मला इथे लिहायचे नव्हते, पण फसवणूक हा शब्द आपण चारचौघांत वापरला असल्याने लिहावे लागते आहे. साडेपाचला मी आपल्या खोलीचे दार वाजवले तेव्हा ‘सुट्टीवर आलोय, मध्यरात्री कसले उठवता’ असे उत्तर मिळाले. सहा वाजले तेव्हा बाहेर लख्ख उजाडले होते आणि गटातले इतर सात जण बूट घालून अंगणात उभे होते. होमस्टेत चुलीवर पाणी तापवून एकेक बादली देतात, त्याला वेळ लागला हे मला मान्य आहे. परंतु गाडी हलली तेव्हा आठ वाजून पस्तीस मिनिटे झाली होती. तिरन्यात पहिली पायरी उतरलो ती साडेनऊला आणि पुलापाशी टेकलो ते बरोबर बारा वाजता. पावणेएकला परत निघालो.

यात माझी एक चूक आहे. त्याच सकाळी, अंगणातच, ‘आता रेनबो फॉल्स होणार नाही’ असे मी स्पष्ट सांगायला हवे होते. सहलीची सुरुवात कटू होऊ नये म्हणून मी गप्प राहिले आणि ते सांगायचे काम वाटाड्यावर येऊन पडले. आपला सारा राग त्यांच्यावर निघाला, याला काही अंशी मी जबाबदार आहे.

त्यांच्याविषयी आपण ‘उद्धट’ असे लिहिले आहे. त्यांची भाषा खासी. हिंदीतले जे मोजके शब्द त्यांना येतात त्यांत ‘चलो’ हा एक आहे. कोवळ्या स्वरात, अजिजीने, आर्जवाने बोलण्याइतके हिंदी त्यांच्याजवळ नाही. त्या दिवशी त्यांनी कितीदा ‘चलो’ म्हटले हे मी मोजले नाही, पण प्रत्येक वेळी ते समोरच्या डोंगराच्या अंगावर उन्हाची रेघ कुठवर चढली आहे ते पाहून म्हणत होते, हे मी पाहिले. आपल्या मातोश्रींचा गुडघा दुसऱ्या झुलत्या पुलापासून धरायला लागला. तिथून वर त्यांची पिशवी याच माणसाच्या खांद्यावर होती. तो तारांचा पूल ओलांडताना खालच्या धोंड्यांकडे पाहून त्या थबकल्या, तेव्हा हे गृहस्थ त्यांच्याकडे तोंड करून, स्वतः उलट्या पावलांनी, एकेक पाऊल मागे सरकत त्यांना पलीकडे घेऊन गेले. पुढे दर वीस-पंचवीस पायऱ्यांना त्या बसत होत्या आणि हे एक पायरी खाली उभे राहत होते, तोल गेलाच तर हात देता यावा म्हणून. एका बाजूच्या वाटेच्या सुमारे 3,500 पायऱ्या आहेत. सावलीतल्या पायऱ्यांवर शेवाळ असते आणि ओला पाला साचतो. आपण तिरन्याला वर पोहोचलो तेव्हा चार वाजून दहा मिनिटे झाली होती. वीस मिनिटांनी सूर्य मावळला. आपण पावणेएकऐवजी तीन वाजता निघालो असतो, तर तोच गुडघा आणि त्याच पायऱ्या आपल्याला अंधारात, मोबाइलच्या उजेडात चढाव्या लागल्या असत्या. इतकी जोखीम घेऊन धबधबा दाखवणे मला कधीच जमणार नाही.

‘दहा मिनिटांत बघून होणाऱ्या पुलासाठी एवढी पायपीट’ असेही आपण लिहिले आहे. त्याचे दुःख वेगळे. हा पूल कोणी बांधलेला नाही, तो वाढवलेला आहे. वडाच्याच कुळातल्या रबराच्या झाडाच्या पारंब्या सुपारीच्या पोकळ खोडांतून किंवा बांबूच्या आधाराने ओढ्यापलीकडे नेऊन रुजवायच्या, मग त्या जाड होईपर्यंत वर्षानुवर्षे वळवत, गुंफत राहायचे. माणसांचा भार पेलण्याजोगा पूल व्हायला पंधरा-वीस वर्षे सहज जातात, कधी त्याहूनही जास्त. झाड जिवंत आहे तोवर पूल अधिकाधिक मजबूत होत जातो. खासी लोक त्याला ‘जिंगकिएंग ज्री’ म्हणतात, आणि 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत या पुलांचा समावेश झाला. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा वरच्या मजल्याच्या एका मुळावर हात ठेवून कितीतरी वेळ नुसती उभी होते. त्याची साल बाहेरून खडबडीत आणि ओलसर लागते, आणि दोन मुळे जिथे एकमेकांना भिडतात तिथे ती एकजीव होऊन गेलेली दिसतात, कुठली कोणती ते ओळखू येत नाही. हे लोकांना दाखवावे, एवढ्याच ओढीने मी आणि माझ्या बहिणीने नोकऱ्या सोडून हा व्यवसाय सुरू केला. त्या पाऊण तासातला निम्म्याहून अधिक वेळ छायाचित्रांत गेला, याबद्दल माझी तक्रार नाही. तो आपला वेळ होता. फक्त तो वेळ आम्ही हिरावून घेतला, असे कृपया म्हणू नये.

राहिला पत्रकाचा प्रश्न. ‘रेनबो फॉल्स (वेळ व हवामानानुसार)’ असे त्यात छापलेले आहे, त्यासाठी वेगळे शुल्क आपल्याकडून घेतलेले नाही आणि पैसे घेऊन काही लपवलेले नाही. कंसातली अक्षरे बारीक आहेत, हे मात्र मी मान्य करते. आमचा व्यवसाय दोन बहिणी मिळून चालवतात, त्याला मोठे कार्यालय नाही आणि जाहिरातही नाही. लोक असे अभिप्राय वाचूनच आमच्याकडे येतात. वर्षाची मिळकत ऑक्टोबर ते मार्च या काळातच होते. आपला अभिप्राय आल्यावर जानेवारीच्या सहलीसाठी विचारणा केलेल्या दोन कुटुंबांनी ‘तुमच्याविषयी फसवणुकीचे काहीतरी वाचले’ असे सांगून नाव मागे घेतले. सहल रद्द झाली तर तिरन्यातल्या त्या वाटाड्याचाही रोज बुडतो, आणि त्यांना तर हे मराठीत काय लिहिले आहे ते वाचताही येत नाही.

यापुढे निघण्याची वेळ पत्रकात ठळक छापू, उशीर झाल्यास काय वगळले जाईल ते आधीच सांगू, गुडघेदुखी असलेल्यांसाठी नोंग्रियाटमध्ये एक रात्र मुक्काम ठेवता येईल का ते पाहू, आणि डब्याचे प्रमाण वाढवू. इतरही काही सुधारणा मनात आहेत.

आपण कमी तारे द्यावेत, हा आपला अधिकार आहे आणि त्याबद्दल माझा आग्रह नाही. ‘फसवणूक’ आणि ‘उद्धट’ हे दोन शब्द तेवढे मागे घेता आले तर पाहावे, ही विनंती. मातोश्रींचा गुडघा आता कसा आहे ते कळवावे. वाटाड्यांनी परवा फोनवर सर्वांत आधी तेच विचारले. माझा क्रमांक आपल्याकडे आहे, सायंकाळी सातनंतर कधीही बोलता येईल.

आपली नम्र,
सहल संयोजिका